वीस सेकंदांचे ठोके

कॉलिन ग्रिमशॉ ड्रम मारायचा. वाजवायचा असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. सोळाव्या वर्षी तो बर्न्लीच्या कत्तलखान्यात लागला. दिवसभर गुरं सोलायची आणि संध्याकाळी तेच हात एका चर्चच्या मागच्या खोलीतल्या जुनाट ड्रमवर चालवायचे, असा त्याचा दिनक्रम. बाप कामावरून आला की कमरेचा पट्टा काढायचा, तेव्हा पाठ करून उभं राहायचं, हे घरातलं शिक्षण. उलटून हात उचलायला त्याला अठरावं उजाडावं लागलं. त्या दिवशी बापाचे दोन दात पडले आणि कॉलिन ड्रमसकट रस्त्यावर आला.

बॅरी टॅटर्सलनं त्याला घरी नेलं. बॅरी त्याच्याहून वर्षानं मोठा, सुताच्या गिरणीत कामाला, जिभेला हाड नसलेला माणूस. "सोफ्यावर झोप म्हणालो असतो, पण सोफा गेला मंगळवारी जप्तीत," तो म्हणाला. "जमीन तेवढी ठेवलीय त्यांनी. बहुतेक उचलता आली नसेल." त्या रिकाम्या खोलीतच बँड जमला. बॅरी गायला, म्हणजे ओरडायला. ट्रेव्हर नावाचा टपाल खात्यातला एक हडकुळा गिटारला. त्याची मैत्रीण सूझन बेसला. आणि मागं कॉलिन. नाव ठेवलं 'द बेलिफ्स', म्हणजे जप्तीवाले. हे साल सत्त्याहत्तर.

पहिली रेकॉर्ड पियानोच्या दुकानामागच्या खोलीत चार तासांत झाली. चौथ्या तासाला बॅरी आणि ट्रेव्हर यांच्यात शेवटचं कडवं कोणी खाल्लं यावरून जुंपली आणि ट्रेव्हरचं नाक फुटलं. ते नाक दाबूनच त्यानं गिटार वाजवलं. रेकॉर्डिंग करणारा वॉल्टर, पन्नाशीचा, एरवी चर्चमधली भक्तिगीतं टेप करणारा गृहस्थ, काचेमागून शांतपणे म्हणाला, "पोरांनो, रक्त पियानोवर नको. तो विकायचाय." हजार प्रती निघाल्या. त्यांची पाकिटं चौघांनी बॅरीच्या आईच्या स्वयंपाकघरात खळ लावून चिकटवली. तीन महिन्यांत सगळ्या संपल्या, पुन्हा काढाव्या लागल्या.

पण या लोकांना रेकॉर्डपेक्षा कार्यक्रमाची हाव होती. तिथं काय चालायचं ते आज सांगितलं तर नातवंडं तोंड वाकडं करतील. बँड आवडला की लोक त्याच्यावर थुंकायचे. हो, थुंकायचे. टाळ्या वाजवणं हे म्हाताऱ्यांचं काम. बॅरीच्या शर्टावरून थुंकी ओघळायची आणि तो जितका भिजेल तितकी संध्याकाळ चांगली गेली असं समजायचं. त्याला त्यातून एकदा कावीळ झाली, तीही त्यानं पदकासारखी मिरवली. प्रेमाची थुंकी झाली की मग मारामारी. तुळतुळीत डोक्यांच्या पोरांची एक टोळी गावोगाव बँडच्या मागावर असायची. जड बूट, आखूड पँट, हातात सायकलच्या साखळ्या. ब्लॅकबर्नला त्यांनी सूझनच्या बरगड्या मोडल्या. प्रेस्टनला ट्रेव्हरचा कान अर्धा फाडला. कॉलिननं तिथं एकाचा हात पायरीवर ठेवून त्यावर पाय दिला आणि हाड मोडल्याचा आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. त्याला दोनच गोष्टी पाठ होत्या: थुंकणारा आपला आणि तुळतुळीत डोक्याचा परका.

ऐंशी सालच्या मार्चमध्ये, एका रविवारी दुपारी, बर्न्लीच्या मजूर क्लबात कार्यक्रम ठरला. सगळ्यांना वाटत होतं की बँडचं खरं रूप खोलीत उतरत नाही, म्हणून तो कार्यक्रमच टेप करून रेकॉर्ड काढायची असं ठरलं. वॉल्टरनं आपली गाडी क्लबच्या मागच्या दाराला लावली, आत वायरी सोडल्या आणि ड्रमभोवती तीन माइक उभे केले. रेकॉर्डचं नाव आधीच पक्कं होतं: 'आहे तसं'. पाकिटामागं काय छापायचं तेही बॅरीनं लिहून ठेवलं होतं. 'नंतर एक ठोकाही जोडलेला नाही.' या मंडळींमध्ये मागाहून काही जोडणं म्हणजे परीक्षेत कॉपी करण्याहून वाईट.

टोळी चौथ्या गाण्याला आली. दारावरचा माणूस आडवा झाला, खुर्च्या उडायला लागल्या. बॅरी माइकचा लोखंडी दांडा घेऊन मंचावरून खाली उतरला आणि गोल गोल फिरवत सुटला, तोंडानं गाणं चालूच. सहावं गाणं 'तिसरी नोटीस', त्यांचं सगळ्यात गाजलेलं. ते निम्म्यावर आलं तेव्हा मंचावर एक पोरगा चढला. तुळतुळीत डोकं. त्यानं कॉलिनकडं बघितलं, तोंडभरून हसला आणि नेम धरून थुंकला. थुंकी कॉलिनच्या डोळ्यावर बसली. मग तो वळला आणि मंचाच्या कडेला खाली वाकला. तिथं सूझन गुडघ्यावर पडली होती.

कॉलिननं डोकं आणि थुंकी दोन्ही बघितली. थुंकीचा अर्थ त्याला माहीत होता, डोक्याचाही. त्या क्षणी त्यानं डोक्याचा अर्थ धरला.

झांजेचा स्टँड उचलून तो ड्रममागून बाहेर आला. तीन पावलं. खाली तीन पायांचा जड भाग असतो, तो वर करून त्यानं घातला. दुसरा घाव घालायची गरज नव्हती. कत्तलखान्यात काम केलेल्या माणसाला ते हाताला लगेच कळतं. पोरगा मंचावरून खाली कोसळला, थेट बॅरीच्या पायाशी, त्याच्या फिरत्या दांड्याखाली. कॉलिन मागं जाऊन बसला, चार अंक मोजले आणि पुन्हा मारायला लागला. ट्रेव्हर वाजवतच होता, सूझनही उठून पुन्हा वाजवायला लागली. मारामारीत कधी कॉलिन थांबायचा, कधी ते थांबायचे, त्याची कोणी नोंद ठेवत नसे. पोलीस आले तेव्हा पोरगा जमिनीवर होता आणि त्याच्यावर रक्तानं माखलेला दांडा धरून बॅरी उभा होता.

पोराचं नाव लेस्ली हॉवर्थ, वय एकोणीस. तो टोळीतला नव्हता. डोक्यावर गजकर्ण उठलं म्हणून डॉक्टरनं आठवड्यापूर्वी त्याचं डोकं भादरायला लावलं होतं. बेलिफ्सची पहिली रेकॉर्ड त्यानं तीनदा विकत घेतली होती, झिजली की नवी आणायचा. तो सूझनला उठवायला वाकला होता.

तो वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहिले ते दोन शब्द, 'बरं' आणि एक शिवी.

आठवड्यानं वॉल्टरनं कॉलिनला बोलावलं. "सहाव्या गाण्यात तुझे ड्रम वीस सेकंद नाहीतच," तो म्हणाला. "त्या गोंधळात माइकची वायर निघाली असणार. तेवढं इथं बसून वाजव, मी टेपच्या दुसऱ्या, मोकळ्या पट्टीवर घेतो आणि मिसळून टाकतो. बॅरीला सांगू नकोस, जेलमध्ये आहे तरी तिथून येऊन मारेल." कॉलिन बसला. कानात ते गाणं, त्या गाण्यात ती दुपार, आणि मधे वीस सेकंदांची मोकळी जागा. एका झटक्यात वाजवलं. इतकं चोख त्यानं आयुष्यात वाजवलं नव्हतं.

खटला ऑक्टोबरमध्ये उभा राहिला. तोवर रेकॉर्ड बाजारात आली होती. लेस्लीची बहीण पॉलीन त्या दुपारी क्लबात भिंतीला लागून उभी होती आणि तिनं बघितलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात ती सांगत राहिली, "ड्रमवाला उठला होता. त्यानं मारलं. मी काय आंधळी आहे का?" बॅरीच्या वकिलानं ते धरून ठेवलं. तेव्हा सरकारी वकिलानं कोर्टात ग्रामोफोन मागवला आणि रेकॉर्ड लावली. टोप घातलेल्या न्यायाधीशांनी 'तिसरी नोटीस' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं, चेहऱ्यावरची माशी न हलू देता. बाटल्या फुटतात, बायका किंचाळतात, बॅरी ओरडतो, आणि ड्रम एकदाही थांबत नाहीत. मग वकिलानं पाकीट उलटं करून मागचं वाक्य वाचून दाखवलं.

"मिस्टर ग्रिमशॉ, आपण गाणं चालू असताना ड्रम सोडून उठला होता?"

"नाही," कॉलिन म्हणाला.

तो पिंजऱ्याबाहेर येताच पॉलीन त्याच्यावर धावून गेली, तिला दोघांनी धरलं. बॅरीनं तर आपल्याच वकिलाला झापलं. "ग्रिमला कशाला मधे ओढताय? दांडा माझ्या हातात होता. मला काही आठवत नाही, पण फिरवत मीच होतो." सात वर्षं झाली. पाच भोगली. जेलमध्ये त्याचा एक डोळा गेला, कोणीतरी साबण घातलेला मोजा फिरवला होता.

कॉलिन भेटायला दोनदा गेला. तिसऱ्यांदा बसथांब्यापर्यंत गेला आणि परत फिरला. बँड संपला. ड्रम त्यानं कुऱ्हाडीनं फोडले. लग्न केलं. बायकोवर कधी हात उचलला नाही, पण घरातली तीन दारं ठोसे मारून फोडली, आणि चौथ्या दाराची वेळ येण्याआधी ती शहाणी बाई निघून गेली. वॉल्टर म्हातारपणी दुकान बंद करताना मूळ टेपचा डबा त्याच्याच हाती देऊन गेला. तो जाळायला कॉलिन दोनदा अंगणात घेऊन गेला आणि दोनदा परत आत आला. का, ते त्याला विचारू नका. माणूस आपल्या गुन्ह्यालाही जपतो, एवढंच मला दिसतं.

बॅरी सुटून आला तो पहिल्याच आठवड्यात हॉवर्थांच्या दारात. पॉलीननं उकळती किटली त्याच्या अंगावर फेकली, मानेची कातडी सोलून निघाली. पुढच्या आठवड्यात तो पट्टी बांधून पुन्हा आला. दर आठवड्याला. शेवटी लेस्लीची, घरच्यांच्या लेसची, आईच थकली आणि म्हणाली, "आत ये, मेल्या, उभा आहेस तर त्याला उचलायला हात लाव." तेव्हापासून लेसला उचलणं, आंघोळ घालणं, दाढी करणं, आणि शनिवारी फुटबॉलची मॅच असली की खुर्ची ढकलत मैदानावर नेणं बॅरीकडं. आई गेली. पॉलीन आणि बॅरी दोघांचे केस पांढरे झाले. कोर्टात तिच्याच कानांवर पडलेले ड्रम तिला आयुष्यभर ऐकू येत राहिले आणि हळूहळू तिनं स्वतःलाच खोटं ठरवलं. कॉलिन मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, प्रेक्षकांत बसायचा. मॅच कमी बघायचा, ती खुर्ची जास्त. तोंड उघडायची संधी दर पंधरा दिवसांनी समोर येत होती आणि तो मूग गिळून बसला होता. अडतीस वर्षं.

मग लीड्सची हॅरिएट आली. जुन्या बँडच्या रेकॉर्ड नव्यानं काढणारी, चाळिशीची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिला मूळ टेप हवी होती. कॉलिन म्हणाला, हरवली. ती म्हणाली, ठीक आहे, पण पुस्तिकेसाठी बॅरीनं काय लिहून दिलंय ते वाचा तरी. चार ओळी होत्या. 'त्या दुपारी मी एका माणसाचं आयुष्य मोडलं. तो आमच्यावर जीव टाकणारा पोरगा होता. मला मारल्याचं आठवत नाही. रोज आठवायचा प्रयत्न करतो.'

शेवटचं वाक्य कॉलिननं चार वेळा वाचलं. जे घडलंच नव्हतं ते हा माणूस रोज आठवायला बसत होता. कॉलिन उठला आणि पलंगाखालचा डबा काढून तिच्यापुढं ठेवला.

"ही घे. आणि ऐकशील तेव्हा बॅरीला बोलाव. सहाव्या गाण्याचे ड्रम एकटे लाव. आधी काही सांगू नकोस त्याला."

इतकी जुनी टेप लावण्याआधी भट्टीत शेकावी लागते, नाहीतर वरचा लेप सुटून येतो. हॅरिएटनं ती दिवसभर शेकली. गुरुवारी सकाळी ते तिघं तिच्या खोलीत बसले.

"काय रे ग्रिम, पोट सुटलं लेका तुझं," बॅरी म्हणाला. "जेलमध्ये यायला बस मिळत नव्हती, इथं बरी मिळाली."

"लाव," कॉलिन हॅरिएटला म्हणाला.

फक्त ड्रम. बाकी सगळं लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. मग ड्रम थांबले. वायर निघाली नव्हती. माइक चालू होता आणि त्यानं इमानदारीनं सगळं टिपलं होतं. लोखंड फरशीवरून खरवडल्याचा आवाज. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मग तो आवाज. हॅरिएटनं तोंडावर हात धरला. मग पावलं परत, धापा टाकणारं कोणीतरी जवळ येऊन बसलं आणि माइकच्या अगदी तोंडाशी कॉलिनचा एकवीस वर्षांचा आवाज म्हणाला, "वन, टू, थ्री, फोर." आणि ड्रम सुरू.

"पुन्हा लाव," बॅरी म्हणाला.

तिनं पुन्हा लावलं. तो एका डोळ्यानं कॉलिनकडं बघत होता. कॉलिन म्हणाला, "मी होतो. तुझा दांडा त्याला लागलाच नसेल कदाचित. तो सूझनला उठवत होता आणि मला वाटलं—"

पुढचं बोलायला मिळालं नाही. बॅरीचा ठोसा तोंडावर बसला, खुर्ची मागं गेली. बॅरी त्याच्या छातीवर बसून मारत होता, पासष्टीला टेकलेला माणूस, हुंदके देत मारत होता. कॉलिननं हात वर केले नाहीत. नाक मोडल्याचं त्याला ऐकू आलं, मग गालाचं हाड. हॅरिएट ओरडत होती. बॅरी दमला तेव्हाच थांबला आणि बाजूला भिंतीला टेकून बसला. दोन्ही मुठी फुटल्या होत्या.

"मी त्याला रोज सॉरी म्हणतो," तो म्हणाला. "रोज. बूट घालताना."

कॉलिननं तोंडातलं रक्त गिळलं. "पोलिसात सांगतो मी. सोमवारी जातो. लिहून देतो सगळं."

"पोलिसांचं सोड. त्याला सांग. त्याच्या तोंडावर सांग."

शनिवारी कॉलिन हॉवर्थांच्या दारात उभा राहिला, चेहरा निळा-काळा, एक डोळा बंद. पॉलीननं दार उघडलं. बॅरीनं तिला सांगून ठेवलं होतं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एक सणसणीत ठेवून दिली, मोडलेल्या गालावरच. कॉलिनला चक्कर आली, चौकट धरून तो उभा राहिला.

"मला खुळी ठरवलंत," ती म्हणाली. "मी स्वतःला खुळी ठरवलं. चल आत."

लेस खिडकीशी खुर्चीत बसला होता. टक्कल पडलेलं, कानामागून वर गेलेला खड्डा स्पष्ट दिसणारं डोकं, गळ्यात क्लबचा मफलर. मॅच होती. बॅरी त्याच्या पायाशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. कॉलिननं गेले दोन दिवस सगळं पाठ केलं होतं. लेस ओरडेल, ती एक शिवी देईल, डाव्या हातात येईल ते फेकून मारेल. सगळं घ्यायची त्यानं तयारी केली होती. घ्यायला तो आसुसला होता, खरं सांगायचं तर.

तो खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. सगळं सांगितलं. स्टँड, तीन पावलं, चार अंक, वॉल्टरची खोली, कोर्टातला 'नाही'. "बॅरीनं तुला हात लावला नाही कधी," तो म्हणाला. "मी लावला. बॅरीची काही चूक नव्हती. तो तुझं काहीएक देणं लागत नाही."

लेस ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. कॉलिननं मान पुढं केली, डोळे मिटले आणि वाट बघितली.

काहीच आलं नाही. डोळे उघडले तर लेस त्याच्याकडं बघतच नव्हता. त्याचा चालता डावा हात खाली गेला होता आणि त्यानं बॅरीच्या कोटाची बाही मुठीत धरली होती. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. ओठ हलत होते. "बरं?" तो म्हणाला. पुन्हा, जरा मोठ्यानं, "बरं? बरं?" आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलाला बाजारात हात सुटेल अशी वाटते तशी.

बॅरीला कळायला क्षणभर लागला. पॉलीनला आधी कळलं, ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

"अरे येड्या, कुठं जातोय मी?" बॅरी म्हणाला. "कुठं जाणार? दुसरा पाय दे इकडं. तीनला मॅच सुरू होते."

लेसनं पाय दिला. बाही काही सोडली नाही. बॅरीनं एका हातानं, दातांची मदत घेऊन, ती नाडी बांधली. मग दोघं निघाले, पॉलीननं दार धरलं, आणि खुर्ची कॉलिनला वळसा घालून बाहेर गेली. तो अजून गुडघ्यावरच होता.